खाडा, सुटी आणि रजा

गिरणगावच्या बोलीत कामावर न जाण्याला तीन शब्द होते. कोणालाही न विचारता माणूस घरी राहिला तर तो खाडा. सगळी गिरणीच बंद असली तर ती सुटी. आणि अर्ज करून, तो मंजूर करून घेऊन, परत आल्यावर आपली जागा आपल्यालाच मिळेल या भरवशावर माणूस घरी राहिला तर ती रजा. तिन्ही प्रसंगी माणूस घरीच असतो. परंतु रजेच्या दिवशी त्याच्या मनाला जी स्वस्थता असते ती खाड्याच्या दिवशी नसते. खाड्यापासून रजेपर्यंतची ही वाट चालावयास मुंबईच्या कामगाराला साठ वर्षांवर काळ लागला. ती हकीगत आज आपल्यापुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

हा विषय आजच का, असे कोणी विचारील. कामाचा आठवडा लहान असावा, मन थकले तर त्यासाठीही रजा मिळावी, अशी बोलणी हल्ली पुष्कळ ऐकू येतात. ती ऐकून काही मंडळी हसतात. हे सुखवस्तू लोकांचे नवे चोचले आहेत, आमच्या वाडवडिलांनी असली थेरे केली नाहीत, असे म्हणतात. वाडवडिलांनी काय केले हे मात्र त्यांनी पाहिलेले नसते. ते पाहण्यासाठी आपल्याला तारदेवपासून सुरुवात करावी लागेल.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापून तारदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी उभारली आणि १८५६ साली ती चालू झाली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी भागात धुराडी उभी राहिली. त्यांत कामाला आला तो कोकणातला आणि घाटावरचा शेतकरी. शेतावरही तो सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबतच होता. मग गिरणीत वेगळे ते काय, असा युक्तिवाद त्या काळी होत असे. फरक असा की, शेतावर पेरणीनंतर उसंत असते, सुगीनंतर जत्रा असते, दुपारी झाडाची सावली असते. गिरणीचा साचा यांतले काही ओळखत नाही. दिवस उगवला की पट्टा फिरू लागे आणि अंधार पडला की थांबे. थंडीत हा दिवस अकरा तासांच्या आसपास भरे आणि उन्हाळ्यात तेरा तासांच्याही वर जाई. जेवणासाठी मिळे तो जेमतेम अर्धा तास. सणावाराला गिरणी बंद राही, पण आठवड्याचा असा ठरलेला दिवस नव्हता; आणि ज्या रविवारी साचे बंद असत त्या दिवशीही ते पुसून-झाडून ठेवण्यासाठी कामगाराला अर्धा दिवस जावे लागे.

पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. त्याच वर्षी मुंबईत गिरण्यांतील परिस्थितीची चौकशी करणारे पहिले सरकारी मंडळ बसले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण आम्हांला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात. संध्याकाळी व्याख्यानाला येऊन बसावयाचे म्हणजे माणसाची संध्याकाळ त्याच्या मालकीची असावी लागते. सूर्य मावळल्यावर गिरणीतून सुटून चाळीतल्या खोलीत येऊन पडणाऱ्याला ती मालकी नव्हती. ज्ञानाची पाणपोई कोणासाठी उघडी होती आणि कोणासाठी नव्हती, हे या एका गोष्टीवरून कळते.

चौकशी झाली, पण कायदा लगेच झाला नाही. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी १८७८ पासून त्यासाठी खटपट केली. शेवटी १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलास कामाला लावू नये. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांहून अधिक राबवू नये. त्यांना रोज एक तास विसावा आणि महिन्याला चार सुट्या द्याव्यात. असे त्यात होते. मोठ्या माणसांच्या तासांविषयी त्यात काहीच नव्हते. विलायतेतील लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा या कायद्यामागे जोर होता, हेही खरे. मुंबईचे सूत महाग व्हावे यात त्यांचा स्वार्थ होता. म्हणूनच आपल्याकडील पुष्कळ देशभक्त मंडळींनी आणि वृत्तपत्रांनी फॅक्टरी कायद्याला विरोध केला. परक्याचा स्वार्थ आणि आपल्या माणसाची गरज एकाच ठिकाणी आली की विचारी माणसेही गोंधळतात. तो गोंधळ ज्याने ओळखला आणि कामगाराचे म्हणणे कामगाराच्याच तोंडून वदवले, त्या पुरुषाचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. शिक्षण बेताचे. रेल्वेत आणि पोस्टात नोकरी करून पुढे ते मांडवीच्या एका गिरणीत कोठारावर कामाला लागले. गिरणी त्यांनी आतून पाहिली होती. ते महात्मा फुल्यांचे अनुयायी आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ पत्र बंद पडल्यावर लोखंड्यांनी ते १८८० पासून मुंबईत चालवावयास घेतले. शेतकरी आणि कामगार यांच्या बाजूने लिहिणारे ते पत्र होते.

१८८४ साली सरकारने पुन्हा एक चौकशी मंडळ नेमले. मंडळापुढे गिरणीमालक साक्ष देणार, डॉक्टर देणार, अधिकारी देणार. ज्याच्याविषयी चौकशी, त्याचे म्हणणे मांडणार कोण? लोखंड्यांनी २३ आणि २६ सप्टेंबर रोजी परळला सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या पाचच होत्या. आठवड्यातून रविवारी पुरता दिवस सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर इजा झाल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. कायमचे अपंगत्व आल्यास पोटाची तजवीज व्हावी.

या मागण्यांची मांडणी पाहण्याजोगी आहे. पाचांपैकी पहिल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत. पगार वाढवा असे एकही वाक्य नाही. आहे तो पगार वेळेवर द्या, एवढेच आहे. आणि रविवारची जी सुटी मागितली ती पगारी सुटी नव्हे. हजेरीवर किंवा भरलेल्या कामावर ज्याचा पगार, त्याचा सुटीच्या दिवसाचा पगार बुडणारच. ज्यांना महिनाअखेरीस वाण्याची उधारी भागवता येत नव्हती, त्या साडेपाच हजार माणसांनी पदरचे पैसे मोडून एक दिवस विकत मागितला, असा याचा अर्थ होतो. विश्रांती ही भरल्या पोटाची गोष्ट आहे असे म्हणणाऱ्यांनी हा अर्ज एकदा वाचावा.

सरकारने अर्ज ठेवून दिला. साल गेले, दोन साले गेली. लोखंड्यांनी नाद सोडला नाही. १८८९ साली सुमारे सतरा हजार सह्यांचा दुसरा अर्ज झाला. मग २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी दर चार-पाच माणसांमागे एक बाई असे. दिवसभर सूत गुंडाळून घरी आल्यावर तिची दुसरी पाळी चुलीपुढे सुरू होई. रविवार हवा हे सांगण्याचा तिच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा होता? पुढे आठच दिवसांनी, १ मे १८९० रोजी, युरोप-अमेरिकेत आठ तासांच्या दिवसासाठी पहिला मे दिन पाळला गेला. महालक्ष्मीला जमलेल्यांना त्याची वार्ता असण्याचे कारण नाही. पण दोन्हीकडची मागणी एकाच घरातली होती.

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ साली, नवा फॅक्टरी कायदा झाला. त्यात आठवड्याची सुटी आणि दुपारचा अर्ध्या तासाचा विसावा सर्वांना मिळाला. स्त्रियांचे काम अकरा तासांपुरते आणि मुलांचे सात तासांपुरते मर्यादित झाले. मुलांचे किमान वय सातावरून नवावर गेले. या कायद्याआधी जी चौकशी झाली तिच्या कामात मुंबईपुरते लोखंड्यांना बोलावले होते.

आम्ही संघटनेचे काम करणारे लोक. आम्हांला या हकीगतीत एक गोष्ट विशेष वाटते. लोखंड्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनला नोंदलेले सभासद नव्हते, वर्गणी नव्हती, निधी नव्हता, घटना नव्हती. आजच्या व्याख्येने तिला युनियन म्हणता यावयाचे नाही. तरीही तिने पदरात पाडून घेतले ते आजवर टिकले आहे. याचे कारण मागणी सभेतून आलेली होती. रविवार हा खंडोबाचा वार. सातारा-पुण्याकडच्या माणसाच्या देव्हाऱ्यात तो आधीपासून होता. साहेबाच्या प्रार्थनेचा दिवस आणि आपल्या कुलदैवताचा दिवस एकच असल्यामुळे ही सुटी त्याला उसनी वाटली नाही.

त्या रविवारने काय दिले? झोप दिली, हे तर झालेच. पण भजनी मंडळे, आखाडे, गावकऱ्यांच्या बैठका, रात्रीच्या शाळेतला राहिलेला धडा, लांबच्या नातेवाइकाकडे जाणे-येणे, हे सारे रविवारच्या आश्रयाने वाढले. कामगारांच्या सभाही रविवारीच भरू लागल्या. म्हणजे पुढचे प्रत्येक मागणे मागावयास लागणारा वेळ या पहिल्या मागण्याने मिळवून दिला. लोखंडे मात्र ते पाहावयास राहिले नाहीत. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा ते रोग्यांच्या सेवेत गुंतले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, पन्नाशीही न गाठता, त्याच रोगाने गेले.

येथवर सुटीची गोष्ट झाली. रजेची अजून दूरच होती. आणि मध्येच एक संकट आले. गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर सूर्य हा कामगाराचा फुकटचा कैवारी होता. तो मावळला की साचा थांबवावाच लागे. दिवे आल्यावर तो कैवारी गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी, कापडाला मागणी असताना, काही गिरण्या चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालू लागल्या. पुरुष कामगाराच्या तासांना १८९१ च्या कायद्याने मर्यादा घातलीच नव्हती. यंत्र सुधारले की श्रम कमी होतील असे आपण समजतो. मर्यादा आधी ठरलेली नसेल तर यंत्र सुधारल्यावर दिवस लांबतो, हे मुंबईने तेव्हा पाहिले.

मग कामगाराने काय केले? त्याने आपली विश्रांती आपणच काढून घेतली. तो विडी ओढावयास बाहेर जाई, पाणी प्यावयास जाई, अंघोळ करी, पट्टा चालू असताना पाळीपाळीने जेवून येई. महिन्यात दोन-चार खाडे करी. आणि वर्षातून एकदा, शिमग्याला किंवा लावणीला, सरळ गावी निघून जाई. १९०७ साली नेमलेल्या आणि १९०८ साली अहवाल देणाऱ्या फॅक्टरी लेबर कमिशनने हे सारे टिपून ठेवले आहे. बहुसंख्य सभासदांचा निष्कर्ष असा की, हिंदी कामगार मुळात रेंगाळतच काम करतो. तेव्हा पुरुषांचे तास कायद्याने थेट बांधण्याची जरुरी नाही. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर हे एकटे सभासद या मताशी सहमत झाले नाहीत. त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडून तासांवर थेट मर्यादा मागितली. माणूस रेंगाळतो म्हणून तास जास्त लागतात, की तास जास्त आहेत म्हणून माणूस रेंगाळतो, हा वादाचा गाभा होता. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. म्हणजे अखेर कायदा त्या एकट्या माणसाच्या बाजूने गेला.

या चोरट्या विश्रांतीची किंमत कामगार मोजीत होता. खाडा केला की पगार बुडे, एवढेच नव्हे. गिरणीच्या दारात रोज सकाळी बदली कामगार उभे असत. आपल्या साच्यावर जॉबर आज कोणाला उभा करील आणि उद्या आपल्याला परत घेईल की नाही, ही धास्ती घेऊन माणूस घरी पडलेला असे. गावी गेलेला परत आला की जागेसाठी जॉबरचा हात ओला करावा लागे. शरीर खाटेवर आणि जीव गिरणीच्या दारात, अशा स्थितीत विश्रांती होत नाही. ती हक्काने मिळाली तरच मनाला लागते.

तासांची लढाई पुढे चालू राहिली. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेथे ना. म. जोशी गेले होते. जगासाठी आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरले. हिंदुस्थानसाठी मात्र साठ. १९२० च्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला आणि त्यातून दहा तासांचा दिवस पदरात पडला. कायदा मागून आला. १९२२ साली त्याने दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास ठरवले. दहा तास आणि चोपन्न तास ही मर्यादा त्यात १९३४ साली आली. म्हणजे मुंबईच्या कामगाराने संपाने जे मिळवले ते कायद्याच्या पुस्तकात उतरावयास चौदा वर्षे लागली.

रजेच्या बाबतीत पहिले शहाणपणाचे बोल १९३१ साली रॉयल कमिशन ऑन लेबरने काढले. खुद्द ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडू नका, ते नियमित करा, असे कमिशनने म्हटले. त्याला ठरावीक मुदतीची रजा मागावयास उत्तेजन द्यावे आणि वेळेवर परतल्यास त्याचे जुने काम त्याला मिळेल असे वचन देऊन त्याला पाठवावे, अशी शिफारस केली. खाड्याची रजा करा, असाच या शिफारशीचा अर्थ होता.

ती प्रत्यक्षात यावयास आणखी चौदा वर्षे गेली. १९४५ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, सलग बारा महिने नोकरी झालेल्या प्रौढ कामगाराला वर्षाला दहा दिवसांची पगारी सुटी मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने दिवसाचे तास नऊ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस झाले. ही दोन्ही विधेयके मांडली गेली तेव्हा मध्यवर्ती सरकारचे मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने रजेचे प्रमाण वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असे ठरवले. सुपारीबागेतल्या सभेपासून बासष्ट वर्षांनी कामगाराच्या हाती तीनही गोष्टी आल्या: मापलेला दिवस, ठरलेली सुटी आणि पगारी रजा.

आता पुढचा हिशेब आपण करावयाचा आहे. १८९१ पासून १९४६ पर्यंत पंचावन्न वर्षांत आठवडा सत्तर-ऐंशी तासांवरून अठ्ठेचाळीसांवर आला. १९४६ पासून आजवर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि आठवडा अठ्ठेचाळीसांवरच उभा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता अमलात आल्या. पगारी रजेस पात्र होण्यासाठी पूर्वी वर्षात २४० दिवस काम भरावे लागे, ते आता १८० दिवस भरले तरी पुरते. ही सुधारणा आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण आठवड्याचे तास कमी झाले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तर कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास तेच राहतील, चार दिवस बारा तास करा आणि तीन दिवस घरी बसा, असे त्यावर सांगितले जाते. हा आठवडा लहान केलेला नव्हे, घडी घालून ठेवलेला आहे. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात अडीच हजारांवर सरकारी व नगरपालिकेच्या नोकरांचे तास चाळीसवरून पस्तीस-छत्तीसवर आणले, आणि पगार कापला नाही. काम अडले नाही आणि माणसांच्या मनावरचा ताण उतरला, असे दिसून आले. त्याला लहान आठवडा म्हणतात.

आणि हे अठ्ठेचाळीस तास तरी कोणाच्या वाट्याला आहेत? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या दाराशी पहारेकरी बारा-बारा तास उभा असतो, आणि आत संगणकापुढे बसलेला पदवीधर घरी गेल्यावरही फोनवर कामच करीत असतो. आमच्याकडे एका कंत्राटदाराकडचा तरुण पहारेकरी आला होता. सलग कित्येक आठवडे त्याला सुटी नव्हती. तो म्हणाला, ‘‘साहेब, सुटीसाठी आजीला दोनदा मारून झाले, आता कोणाला मारू?’’ आम्ही हसलो, तोही हसला. पण त्याला झोप लागत नव्हती, कशात मन लागत नव्हते, आणि खरे कारण सांगितले तर उद्या बदली उभा राहील, हे त्याला ठाऊक होते. १९०८ चा खाडा असा शंभर वर्षांनी परत आला आहे. फरक एवढाच की, तेव्हाचा कामगार न सांगता घरी राही. आजच्याला खोटे सांगून राहावे लागते.

मन थकणे ही कल्पना नव्हे, हे आता मोजून झालेले आहे. आठवड्याला पंचावन्न किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. औदासीन्य आणि चिंता यांपायी जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या कामगार विमा योजनेत दीर्घ मुदतीच्या आजारांच्या यादीत काही मनोविकार आहेत, ही चांगली गोष्ट. पण त्या यादीत शिरावयास माणूस आधी पुरता मोडावा लागतो. मोडण्याच्या आधी चार दिवस मागण्याची सोय कोठे आहे?

म्हणून लोखंड्यांच्या अर्जाप्रमाणेच साध्या भाषेत मागावयाचे ते मागावे. कायद्यातली आठवड्याची सुटी कंत्राटी पहारेकऱ्यालाही प्रत्यक्ष मिळावी. अठ्ठेचाळीसांचा आकडा आता खाली यावा, आणि त्यासाठी पगार कापला जाऊ नये. वर्षातील काही रजा कारण न सांगता घेता यावी. माणसाला खोटे बोलावयास लावणारा नियम कामालाही चांगला नव्हे. आणि रजेवरून आलेल्याला त्याची जागा मिळालीच पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, दुकानात, कचेरीत माणसे कामाला आहेत. त्यांच्यापुरता या मागण्यांचा विचार करावयास सरकारची वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडे कामाला येणारी बाई परवा आली नाही, तो तिचा खाडा होता की रजा, एवढे आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्याशी ठरवावे.